दुसरा गोळा

१७ ऑगस्ट १९८१, सोमवार. बेळगाव.

दुपारी पोचले. निपाणीहून निघालेल्या बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली आणि संकेश्वर मागे पडेपर्यंत दोन्ही अंगांना नुसता ऊस. शेजारच्या बाईंनी माझ्या मांडीवरची पत्र्याची पेटी बघून मी नर्स आहे का म्हणून विचारलं. पेटीत मीटर आहे, सोल्डरिंगचं सामान आहे, मी रेडिओ दुरुस्त करते, असं सांगितल्यावर त्या आधी हसल्या. मग त्यांच्या घरचा ट्रान्झिस्टर बातम्यांच्या मधेच कसा खोकतो ते उतरेपर्यंत सांगत राहिल्या. मी जागच्या जागी उपाय सांगितला. हे असते तर म्हणाले असते, जया, बसमध्येच दुकान मांडलंस की गं.

कॅम्प मला आवडला. मोठी झाडं, रुंद रस्ते, चर्चची घंटा, लांबून येणारं लष्कराचं बिगुल. आप्पासाहेबांचा बंगला कौलारू आहे आणि मागच्या अंगाला मला दिलेली खोली निपाणीच्या माझ्या सगळ्या बिऱ्हाडापेक्षा मोठी आहे. आप्पासाहेब म्हणजे कल्लाप्पा, रेल्वेतले निवृत्त सिग्नल इन्स्पेक्टर. सत्तरी ओलांडलेले, ताठ, स्वच्छ धोतर. बोलताना मधेच कानडीत शिरतात आणि परत येतात. बायको गेली, मूलबाळ नाही. मला आक्का म्हणाले. स्टेशनवर लोकांना जसं सांगत असतील तसं मोजकं आणि स्पष्ट सांगितलं: दिवाणखान्यात एक खेळण्यातली आगगाडी आहे, जुनी विकत घेतलेली, बंद पडलेली. तिच्या विजेच्या जोडण्या नीट करून ती गणपतीपर्यंत चालू करायची. यंदाची आरास तीच. गाडी चालली की बंगल्याची रस्त्याकडची खोली माझी, दुकानासाठी.

दुकानासाठी. हे गेल्यावर तीन वर्षं निपाणीचं दुकान मी एकटीनं ओढलं, शेवटी जागाच गेली. बाईच्या हातात रेडिओ द्यायला माणसं आधी बिचकतात. एकदा नाव झालं की आपण होऊन येतात, आणि एकदा बिघडलं की रस्ता बदलून जातात. मला इथं नाव करायचं आहे. संध्याकाळी त्या खोलीत जाऊन उभी राहिले. भिंतीला पाठ लावून मापं घेतली, टेबल कुठे, पाटी कुठे. ‘जया रेडिओ’. बाईचं नाव पाटीवर बघून लोक काय म्हणतील ते म्हणोत.

१९ ऑगस्ट

गाडीला खेळणं म्हणणं बरोबर नाही. चादर काढली. दिवाणखाना भरून टेबल आणि त्यावर एक अख्खा मुलूख: एकेरी रूळ, दोन टोकांना दोन स्टेशनं, मधे प्लॅस्टरचा डोंगर आणि डोंगरातून बोगदा. कौलं मेणबत्तीच्या मेणाची. झाडं कसल्याशा वाळक्या तुऱ्यांची. हे सगळं कॅम्पातल्या मेंडीस साहेबांनी म्हातारपणी केलेलं. तेही रेल्वेतले, मोठे अधिकारी. ते वारले, मुलगी परदेशी जाताना घरातलं सगळं विकून गेली.

टेबलाखाली आडवी झाले आणि तासाभरात मला घरच्यासारखं वाटायला लागलं. ट्रान्सफॉर्मर ठीक आहे. कंडेन्सर सगळे सुकलेले. तारांवरचं रबर बोट लावलं की गळून पडतं. पण सोल्डरचे डाग दिलेत ते बघत राहावे असे, गोल, चकचकीत. हात सावकाश चालणाऱ्या माणसाचं काम. ह्यांचे डाग असेच असत. जुनी वस्तू उघडली की तिच्या आधीच्या माणसाशी आपण बोलायला लागतो, तो मेलेला असला तरी. मला त्याची कधी भीती वाटली नाही.

स्वयंपाकाला रुक्माबाई आहेत, येळ्ळूरच्या. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, कपाळ मोकळं, हाडं रुंद. आधी मेंडीस साहेबांकडे होत्या. साहेब गेल्यावर इथं आल्या, आणि ही गाडी विकाऊ आहे ही बातमीही आप्पासाहेबांना त्यांनीच दिली. त्यांनी माझी जात विचारली नाही. तव्यावरची पहिली भाकरी माझ्या ताटात टाकून म्हणाल्या, खा गं, तारा खाऊन प्वाट भरत न्हाय.

२३ ऑगस्ट

ओल्या कापसानं स्टेशनं पुसत होते. धुळीखालून पाट्या निघाल्या, मराठीत आणि कानडीत. एकीवर आंबेवाळ, दुसरीवर नंदीहोळ. मला त्या नावांचं काही नव्हतं. आप्पासाहेब चहाचा कप घेऊन मागे उभे होते, त्यांचा चहा बशीत सांडला. मग म्हणाले, ही खरी स्टेशनं, हा माझाच सेक्शन, नोकरीची बारा वर्षं तिथं गेली, मेंडीसनं हे का करावं. पाट्या खरवडून टाक म्हणाले. मग म्हणाले, राहू दे.

नंतर त्यांनी मला दोन्ही स्टेशनांतल्या लाल पेट्या समजावल्या, आणि समजावताना ते पुन्हा ताठ झाले. एकेरी रूळ असला की एका वेळी एकच गाडी आत जायला हवी. म्हणून दोन्ही स्टेशनांत एकेक पेटी, पेट्यांत लोखंडी गोळे, आणि दोन्ही पेट्या तारेनं जोडलेल्या. ड्रायव्हरच्या हातात गोळा पडल्याशिवाय गाडी सुटत नाही. आणि एक गोळा बाहेर असेल तर दोन्ही पेट्यांना आपोआप कुलूप. तो गोळा कुठल्या तरी पेटीत परत पडेपर्यंत दुसरा निघत नाही. माणूस चुकेल, झोपेल, पेटी चुकत नाही, असं म्हणाले.

मेंडीस साहेबांनी हे सगळं हुबेहूब केलंय. पेट्या काडेपेटीहून जरा मोठ्या, गोळे सायकलच्या छऱ्यांएवढे. पेटीतला गोळा काढून फलाटाच्या खळग्यात ठेवला तरच बोगद्याकडच्या रुळात वीज जाते.

३० ऑगस्ट

दिवे लागले. सिग्नल वरखाली होतात. इंजिनाची मोटर उघडून तेल दिलं, ती मांजरासारखी गुरगुरते. फक्त पेट्या उघडत नाहीत. दोन्ही कुलुपं आत ओढलेली आहेत, आणि जोडण्या कितीदा तपासल्या तरी दोष सापडत नाही. दोष नसेल तर एकच अर्थ, एक गोळा बाहेर आहे. काचेतून मोजले, पेट्यांवर कोरलेल्या आकड्यापेक्षा खरंच एक कमी आहे. टेबलाखाली, फटींत, बोगद्यात हात घालून शोधलं. नाही. बाजारातून त्याच मापाचा छरा आणून टाकून पाहिला, पेटीनं घेतला नाही. वजनात कुठेतरी फरक असणार.

आप्पासाहेब दर तासाला विचारतात. गणपती बुधवारी. शेजारपाजारच्या मुलांना आमंत्रणं गेली आहेत, चौकातल्या फौजी कुटुंबांनाही.

जेवताना मी म्हटलं, कुलपाला बगल देऊन एक तार जोडली की संपलं, बिघडलेल्या रिलेला आम्ही नेहमी तसंच करतो, मग सवडीनं बघतो. रुक्माबाईंचा हात परातीत थांबला. गोळा घावल्याबिगर गाडी सोडू नगंस, म्हणाल्या. मी हसून विचारलं, तुम्हाला गोळ्यातलं काय कळतं. त्या म्हणाल्या, मला कायबी कळत न्हाय, पर गोळा भाईर हाय म्हंजे आत कुणीतरी हाय, एवढं कळतंय.

१ सप्टेंबर

तार जोडली. चार बोटं लांबीची, निळी. दोन डाग, झालं. कुलूप खट्ट करून उघडलं. मी दुसरा गोळा काढला, खळग्यात ठेवला, आणि गाडी आंबेवाळहून निघाली, बोगद्यात शिरली, पलीकडून बाहेर आली. आप्पासाहेबांनी लहान मुलासारखे हात चोळले. तार त्यांना दाखवली तेव्हा मात्र डोळे दुसरीकडे वळवले आणि म्हणाले, मला दाखवू नको, चालतेय ना.

रस्त्याकडच्या खोलीची किल्ली दिली.

३ सप्टेंबर

काल गणपती बसला. टेबलामागे मूर्ती, भोवती झेंडू, आणि समोरून गाडी. मुलांची नुसती रीघ. एका सुभेदाराची बायको मला म्हणाली की हे एका बाईनं केलंय हे तिला खरंच वाटेना. तिचा रेडिओग्राम ती आणून देणार आहे. पहिलं गिऱ्हाईक.

एवढं एक लिहून ठेवते. बोगदा हातभर लांब आहे. इंजिन शिरलं की लगेच दुसऱ्या तोंडातून दिसायला हवं. काल दुपारी जरा उशिरा आलं. मुलं उगीच ओरडायची थांबली. मग आलं. रुळावर झेंडूची पाकळी असेल.

८ सप्टेंबर

पाकळी नव्हती. रूळ पुसले, बोगद्यात आरसा धरून पाहिलं, आत काही नाही. तरी दुपारच्या वेळी गाडी आत रेंगाळते. सकाळी नाही, संध्याकाळी नाही. दुपारची जेवणं होऊन कॅम्प झोपतो, तेव्हा.

इंजिनाची चाकं पुसताना कापसाला तांबूस चिखल लागला. आमच्या टेबलावर माती नाहीच, नुसतं प्लॅस्टर आणि रंग. बोटावर घेऊन वास घेतला. पावसाळ्यात रुळाकडेच्या मुरुमाला येतो तसा, आणि त्यात तेल.

आप्पासाहेब आता दुपारची झोप घेत नाहीत. खुर्ची ओढून बोगद्याच्या तोंडाकडे बघत बसतात. मी गाडी बंद ठेवू का विचारलं. नको म्हणाले, ती आत थांबली तर?

१२ सप्टेंबर

विसर्जन झालं. आता आरास मोडायची, म्हणून मुख्य बटण बंद केलं, प्लग काढला, चादर आणायला वळले. नंदीहोळच्या पेटीची घंटा वाजली. एक ठोका. मग पुन्हा.

प्लग माझ्या हातात होता.

मी मनाशी कारणं शोधली. कंडेन्सरमध्ये वीज उरते. उरते, पण एवढी नाही, हे मला माहीत आहे. आप्पासाहेबांना घंटेचा अर्थ विचारला. ते म्हणाले, पुढचं स्टेशन विचारतंय, लाइन मोकळी आहे का. मग खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी लागली आणि त्यांनी झोपेत एक नाव घेतलं. भरमा.

स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. गेले तर रुक्माबाई ओट्याला धरून उभ्या होत्या. कोण हा भरमा, विचारलं. नवऱ्याचं नाव निघाल्यावर बायका पदर सावरतात तसा त्यांनी पदर सावरला. तेव्हा मला कळलं.

१६ सप्टेंबर

रुक्माबाईंनी आज सांगितलं. भाजी निवडत सांगितलं, मान वर न करता.

भरमा हे त्यांचे मालक. त्या अजून नाव घेत नाहीत. येळ्ळूरचे, रुळाच्या गँगचे मुकादम. पितृपक्षातली दुपार होती. रुळांचे तुकडे लादलेली ढकलगाडी घेऊन चौघं आंबेवाळहून निघाले. अशी जड गाडी न्यायची तर आगगाडीसारखाच गोळा घ्यावा लागतो. त्यांनी घेतला, फडक्यात बांधून कमरेला लावला. भाकरी द्यायला गेलेल्या रुक्माबाईंनी तो डोळ्यांनी पाहिला. चौघं बोगद्यात गेले. इकडे आंबेवाळला एक खास गाडी खोळंबली. पेटी दुसरा गोळा देईना. पेटी अधूनमधून अडायचीच, आणि ती दुरुस्त करायला त्या दिवशी तिथं सिग्नल इन्स्पेक्टर हजर होता. आत कोण गेलंय ते त्यानं विचारलं नाही. फलाटावर थांबलेल्या रुक्माबाईंच्या देखत त्यानं एक तार जोडली, दुसरा गोळा काढून ड्रायव्हरच्या हातात दिला; त्याचा अर्थ त्यांना तेव्हा कळला नाही.

बोगद्यात चौघंही चिरडले गेले.

त्यानंतर त्यानं जे केलं ते तारेपेक्षा वाईट. अंधारात आधी तोच पोचला. भरमाच्या कमरेचा गोळा सोडवून त्यानं आंबेवाळच्या पेटीत टाकला आणि तार काढून खिशात घातली. पाहणारे आले तेव्हा पेटीत सगळं बरोबर. म्हणजे मुकादमच गोळा न घेता आत शिरला. तीन माणसं त्यानं मारली, असं ठरलं. त्या तिघांच्या बायकांनी रुक्माबाईंच्या दारावर माती टाकली. चौकशी मेंडीस साहेबांनी केली. पुढे साहेबांच्या घरी स्वयंपाक करताना रुक्माबाईंनी त्यांना खरं सांगितलं. साहेबांनी तपासून बघायला म्हणून हे टेबल केलं. एक गोळा बाहेर ठेवला, आणि मरेपर्यंत पेटीनं त्यांना दुसरा दिला नाही. म्हणजे त्या दिवशी पेटी बिघडली नव्हती, कुणीतरी तिला बगल दिली होती. तो बाहेरचा गोळा कुठे ठेवला, ते साहेबांनी कुणालाच सांगितलं नाही.

मी विचारलं, आप्पासाहेबांनी तुम्हाला ओळखलं नाही? त्या म्हणाल्या, चौकशीत मी दाराशी हुबी हुते, दीस मावळंपातूर. त्येनं माझ्याकडं बगितलं न्हाय. बगितलं असतं तर त्येच्या घरात मला भाकरी थापाय मिळाली असती व्हय?

मग काय करणार आहात, विचारलं. म्हणाल्या, मी काय करणार. दरसाल अवसेला त्येंच्या नावानं पान वाढत्ये. त्या तिघांच्या पानांना कावळा शिवतोय, ह्येंच्या न्हाय. ह्या म्हाताऱ्यानं चारचौघांत येकदा म्हणावं, गोळा त्येंच्यापाशी हुता. येवढंच.

आमच्याकडे वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हापासून पानं, कावळे सुटलं. तरी मला थंडी वाजली. निळी तार मीही जोडलीय.

१७ सप्टेंबर

सकाळी तार काढली. कुलूप आत ओढलं गेलं, वीज बंद. दुपारी गाडी सुटली.

आपली आपण.

१९ सप्टेंबर

आप्पासाहेबांशी बोलले. सरळच बोलले, मला राग आला होता. रुक्माबाईंचं नाव सांगितलं नाही. सांगून टाका म्हटलं, मन हलकं होईल. त्यांनी मला कानडीत काहीतरी म्हटलं, मग मराठीत. आक्का, मी फक्त एक तार जोडली होती. ती तर तूही जोडलीस.

ते चहा न घेता उठले.

तार पुन्हा जोडून ठेवलीय. तार असली की निदान बटणानं गाडी थांबते, सकाळ-संध्याकाळ तरी.

२१ सप्टेंबर, सोमवार

आप्पासाहेब गेले.

दुपारी. मी रस्त्याकडच्या खोलीत चुना देत होते. घंटा वाजली, मग खूप वेळ वाजत राहिली. गेले तेव्हा ते टेबलावर पालथे होते आणि उजवा हात खांद्यापर्यंत बोगद्यात. हातभर बोगदा. पलीकडच्या तोंडातून बोटं दिसायला हवी होती. दिसली नाहीत.

ओढून काढलं. हाताचं— ते लिहीत नाही.

बोगद्याच्या तोंडाशी, रुळावर, गोळा होता. मेंडीस साहेबांचा, हरवलेला. ओला. इंजिन त्याच्यापुढे टेकून उभं.

रुक्माबाई भाजी आणायला गेल्या होत्या. घरात मी एकटी. मला फक्त दिसत होतं की निळी तार तिथं आहे आणि डाग माझा आहे. पोलीस येतील. बाईनं जोडलेल्या तारेनं म्हातारा मेला. सुभेदाराच्या बायकोचा रेडिओग्राम, पाटी, खोली. मी पक्कड आणली. तार तोडली, खिशात घातली. गोळा उचलून पेटीत टाकला. पेटीनं घेतला. खट्ट.

पोलिसांनी विचारलं तेव्हा सांगितलं, सगळं बरोबर होतं, गोळे पेटीतच होते.

डॉक्टर म्हणाले, हृदय. पडताना हात अडकला असेल.

२३ सप्टेंबर

संकेश्वरहून पुतण्या आला, गुंडू. बंगला आता त्याचा. भला वाटला. म्हणाला, जुन्या वस्तूंचं असंच असतं आक्का, तुमची काय चूक, काकांनी शब्द दिलाय तर खोली तुमचीच. पाटी रंगवायला टाकली.

रुक्माबाईंनी रात्री न जेवता मला विचारलं, गोळा कुठं हुता? मी म्हटलं, पेटीत. त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, असता तर बरं होतं. म्हणाल्या, म्या हातात घेऊन बगितला की गं पेटीतला. ओला हाय. चिखुल हाय त्येला. मग म्हणाल्या, त्येनंबी ह्येच सांगितलं हुतं. पेटीत हुता म्हणून.

मला सांगायचं होतं. दिवा मालवून मी खोलीत गेले.

२५ सप्टेंबर

पाटी आली. ‘जया रेडिओ’. लावली नाही.

टेबलावर चादर आहे. चादरीखाली दिवे लागतात.

दुपारी पेटीतले गोळे मोजले. एक कमी.

२६ सप्टेंबर

निपाणीला जायचं म्हणून स्टँडवर गेले. दुपार होती. समोरून बस आली आणि तिच्या तोंडाशी तो वास आला, मुरूम आणि तेल. माझे पाय पायरीवर चढेनात. बस गेली. मी परत आले. परत कशी आले आठवत नाही. इथंच येऊन उभी राहिले, टेबलाजवळ.

उजवा हात सकाळपासून जड. कोपराखाली काळंनिळं.

२७ सप्टेंबर

बोगद्यातून आवाज येतो. आगगाडीचा नाही. माणसं ढकलताना तालात हुंकार देतात, तसा. चौघांचा.

हळूहळू. त्यांना घाई नाही.

पेटी उघडली, सोल्डरिंगची. मीटरखाली गोळा. मी तो ठेवला नाही.

बाहेर फेकला. परत पेटीत.

२८ सप्टेंबर, अमावस्या

सकाळी रुक्माबाईंनी परसात पानं मांडली. चार एका ओळीत. पाचवं समोर, आप्पासाहेबांचं असेल. मग आत जाऊन आणखी एक घेऊन आल्या. कुणाचं विचारलं नाही. माझ्या आवडीची अळूची भाजी होती त्यावर.

म्हणाल्या, मी येळ्ळूरला जात्ये. त्या तिघींच्या दारात. त्यांस्नी सांगाय माझ्याकडं अजूनबी काय न्हाय बग. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. आणि पहिल्यांदा नाव घेतलं, स्पष्ट, नवऱ्याचं. भरमा. भरमापाशी गोळा हुता जया, येवढं लिवून दे मला.

तिन्ही पानांना कावळे शिवले. चौथ्यासमोर भिंतीवर एक बसलाय. शिवत नाही. बघतोय.

दुपार

लिहून देते. पोलिसांनाही देते, गुंडूलाही. पाटी गेली तर जाऊ दे.

प्लग काढलेला आहे. घंटा वाजतेय—लाइन मोकळी आहे का—लाइन—

नाही. मोकळी नाही. आत माणसं आहेत.

भरमाजवळ गोळा होता. कमरेला, फडक्यात. कल्लाप्पांनी तार जोडून दुसरा काढला आणि भरमाचा पेटीत टाकला. हे खरं आहे.

२१ तारखेला गोळा पेटीत नव्हता. बोगद्याच्या तोंडाशी होता. पेटीत मी टाकला. मी खोटं—

चादर सरकली. इंजिन नाही. ढकलगाडी आहे—चौघं—एक जण वाकून माझ्याकडे—

हात आत ओढला जातोय. डाव्या हातानं लिहिते. कावळा अजून भिंतीवर. थांब. एकच वाक्य राहिलंय. तार मी जो